पोट दुखालंय

सोमवारी पहिल्या तासाला मी हजेरी घेत असते आणि चौथीतला एक पोरगा जागेवरून उठतो, टेबलापाशी येऊन उभा राहतो, शर्टाचं खालचं बटण पिळत म्हणतो, "बाई, पोट दुखालंय." मागच्या सोमवारीपण आला होता. त्याच्या मागच्या सोमवारी आला होता का ते मला आठवत नव्हतं, आणि ते आठवत नाही हेच मला दिवसभर टोचत राहिलं.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पट्ट्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. ऑफिसच्या कपाटात आमची एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात कापूस, डेटॉल, चिकटपट्टी, ओआरएसची पाकिटं, आणि एक थर्मामीटर ज्याचा सेल मीच आणून घातलाय. गुडघा फुटला, बोट कापलं, पावसाळ्यात पायाला जळू लागली, मार्चमध्ये ओले काजू फोडून त्याच्या तेलानं ओठ आणि बोटं भाजून घेतली, एवढ्याला ती पेटी पुरते. पोटदुखीला त्या पेटीत काही नाही. पोटदुखीला आपण काय करतो, तर म्हणतो "जा पाणी पिऊन बस," नाहीतर "दप्तर घे, घरी जा," आणि घरी कोण असतंय दुपारी? आई काजूच्या कारखान्यात, बाप चोर्ला घाट उतरून गोव्यात कामाला, आजी शेतात. पोरगं दार उघडून एकटंच झोपतं.

पोट दुखणं म्हणजे काय हे मला एका नर्सनं शिकवलं. माझी मोठी नणंद, घरात सगळे तिला आक्का म्हणतात म्हणून मीपण आक्काच म्हणते. मिरजेला नर्सिंगचा कोर्स करून आली, थोडी वर्षं दवाखान्यात काढली आणि मग आपल्याच जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत स्टाफ नर्स म्हणून लागली ती रिटायर होईपर्यंत तिथंच. नवोदयसारख्या निवासी शाळांत स्टाफ नर्सचं पद असतं, कोथळीला आपल्या जिल्ह्याचं नवोदय आहे तिथंही आहे. ज्या शाळेत पोरं रात्री झोपायला असतात तिथं नर्स लागते हे सरकारला पटलंय. ज्या शाळेतली पोरं संध्याकाळी घरी जातात त्यांना का लागत नाही हे मात्र मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचार करून करून थकले तरी मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा मी तिच्या शाळेत गेले तेव्हा सुट्टीचा दिवस होता आणि तिच्या सिक रूममध्ये दोन खाटा, एक वजनकाटा, भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, आणि टेबलावर जाड वही. त्या वहीत तिनं स्वतःच्या हातानं एक जादा रकाना आखला होता, "वार आणि तास". म्हटलं आक्का हे कशाला, तर म्हणाली, "आजाराला वेळ असते गे. गणिताच्या तासाला येणारं पोट वेगळं आणि जेवणानंतर येणारं पोट वेगळं."

तिची विचारायची पद्धत वेगळी होती. कुठं दुखतं हे ती पहिल्यांदा विचारायचीच नाही. पहिला प्रश्न, काल रात्री काय जेवलास? दुसरा, सकाळी संडासला झालं काय? तिसरा, आता कुठला तास चाललाय? आणि हे विचारता विचारता तिचे हात चाललेले असायचे, खालची पापणी जरा ओढून आतला रंग बघायचा, नखं बघायची, जीभ, मानेच्या गाठी, डोक्यात लिखा आहेत का, हाताच्या बोटांच्या बेचक्यात खरजेचे फोड आहेत का. पोराला वाटायचं सिस्टर गप्पा मारतात. पाच मिनिटांत तिला निम्मं कळलेलं असायचं.

एकदा तिच्या वहीत एका महिन्यात सातवीच्या तीन-चार मुली येऊन गेल्या, सगळ्या दुपारच्या, सगळ्यांचं ओटीपोट, लघवीला जळजळ. औषध देऊन रिकामं होता आलं असतं. ही बाई उठून बाथरूमला गेली आणि बघते तर दाराची कडी तुटलेली. मुली सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या, कारण पाणी प्यालं की जावं लागतं आणि गेलं की एकीनं बाहेर दार धरून उभं राहावं लागतं, आणि मुलं हसतात. आक्कानं डॉक्टरांकडं पाठवलं ते पाठवलंच, पण वहीत उपाय म्हणून लिहिलं, "कडी बसवणे". मुख्याध्यापकांच्या मागं लागून आठवड्यात कडी बसवून घेतली. मला त्या दिवशी नर्स म्हणजे काय ते कळलं असं मी म्हणेन, कारण दवाखान्यातल्या डॉक्टरला लघवीचा रिपोर्ट दिसतो, तुटलेली कडी दिसत नाही, ती दिसायला माणूस शाळेतच असावा लागतो, रोज.

आणि पोटदुखीतली भूक. ही आमच्याकडं सगळ्यात जास्त. सकाळी चहा आणि एक बटर खाऊन पोर चालत येतं, साडेदहाला त्याचं पोट दुखणारच. कर्नाटकात 2013 पासून शाळेत दूध मिळतं, क्षीरभाग्य म्हणतात, पावडरचं का असेना पण दीडशे मिली गरम दूध सकाळी पोटात जातं, आणि दुपारी अक्षरदासोहचं जेवण, आता अंडं नाहीतर केळंही. मी हे सगळं वाढलंय, माझ्या डोळ्यासमोर पोरांचे गाल भरलेत, त्यामुळं या योजनांबद्दल कुणी सहज वाईट बोललं की मला राग येतो. पण दूध कुणी पिलं आणि कुणी हळूच पायरीखाली ओतलं, आणि का ओतलं, दुधानं त्याला मळमळतं म्हणून की ग्लासला वास येतो म्हणून, हे बघायला एक माणूस जास्त पाहिजे.

आता मी जे सांगणार आहे ते मी घरीसुद्धा फार बोलत नाही.

बरीच वर्षं झाली, माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर चांगलं, आवाज गोड, पण मधेच हरवायची. धडा वाचायला उभी केली की "मलप्रभा नदी कणकुंबीला" इथपर्यंत यायची आणि थांबायची, डोळे उघडे, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी, आणि मग एकदम भलत्याच ओळीपासून पुढं वाचायला लागायची. पोरं हसायची. मला वाटायचं लक्ष नाही. मी तिला ओरडले, एकदा नाही, खूप वेळा. बाहेर उभी केली. एकदा पट्टीपण मारली तळहातावर. तिची आजी शाळेत येऊन म्हणाली होती, "बाई, तिला वारं लागलंय, अमावस्येला बघून आणतो," आणि मी आजीला समजावलं की असलं काही नसतंय, मुलगी आळशी आहे, घरी अभ्यासाला बसवा. आजीला निदान एवढं कळलं होतं की पोरीला काहीतरी झालंय. मला तेवढंही कळलं नव्हतं.

त्या वर्षी आरोग्य तपासणीची गाडी आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, 2013 च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झाला तो. एका टीममध्ये दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक फार्मसिस्ट. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, जन्मतः असलेलं व्यंग, पोषणातली कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर असे चार गट, त्यात तीसेक दुखणी ठरवलेली आहेत ती बघतात. दिवसाला किती पोरं बघायची त्याला काही सुमार नाही, ऊन असो पाऊस असो, आणि चोर्ल्याकडच्या रस्त्याला पावसाळ्यात गाडी घालणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. तर त्या टीमची नर्स वजन घेत होती, ओळीत ही मुलगी आली. नर्सनं नाव विचारलं. हिनं नाव सांगायला सुरुवात केली आणि आडनावाच्या आधी थांबली. पापण्या किंचित फडफडल्या.

रांग मोठी होती, मागं पोरं ढकलत होती, कुणीही पुढं म्हटलं असतं. ती नर्स थांबली. हातातलं पेन खाली ठेवून मनगटावरचं घड्याळ बघत राहिली. मग मुलीनं आडनाव सांगितलं जसं काही झालंच नाही. नर्स मला म्हणाली, कन्नड वळणाच्या मराठीत, "बाई, हे असं रोज होतंय काय? बारा सेकंद गेले तिचे." मी म्हटलं होतं की, लक्ष नसतं तिचं. ती काही बोलली नाही, डॉक्टरांना हाक मारली.

फिटचा एक प्रकार असतो ज्यात पोर पडत नाही, हातपाय झाडत नाही, तोंडाला फेस येत नाही. दहा-वीस सेकंद मेंदू बंद पडल्यासारखा होतो आणि परत चालू. चार ते दहा वर्षांच्या दरम्यान बहुतेक सुरू होतो, दिवसातून कितीतरी वेळा होऊ शकतो, आणि पोराला स्वतःला पत्ता नसतो की मधला तुकडा गेला. जगभर शाळेत अशा पोरांना बेलक्षी म्हणून शिक्षा होते हे मी नंतर वाचलं, तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं की मी एकटी नाही. बरं वाटलं नाही.

मोठी फिट आली तर आपल्याकडं कांदा फोडून नाकाला लावतात, चप्पल हुंगवतात, दातात चमचा घालतात. आक्का म्हणते यातलं काही करायचं नाही, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी. घड्याळ बघणं हा नर्स लोकांचा गुणच असावा.

तर डॉक्टरांनी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली, आणि इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. ती चिठ्ठी मुलीच्या घरी तांदळाच्या डब्याखाली दोन महिने पडून होती. वर कन्नड आणि खाली इंग्लिश. आईला दोन्ही वाचता येत नव्हतं, बाप फोंड्याला. आईनं ती मला दाखवायला आणायची तर तिचा कारखान्याचा एक दिवस बुडतो, आणि मी विचारायला पाहिजे होतं तर मी विचारलं नाही, मला वाटलं गेले असतील. टीम पुढच्या गावाला गेली होती, त्यांच्या यादीत माझ्या शाळेसमोर बरोबरची खूण होती.

आक्का गणपतीला घरी आली होती तेव्हा बोलता बोलता हे निघालं. तिनं ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बसनं आली, त्या घरी गेली, आईशी चुलीपुढं बसून बोलली, काय बोलली मला माहीत नाही, मला तिनं बाहेर थांबायला सांगितलं, आणि दोन दिवसांनी त्या मायलेकींना घेऊन बेळगावला गेली. तिथं डॉक्टरनं पोरीच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरली आणि फुंकत राहा म्हणाले, जोरात, थांबू नको. दोन मिनिटं झाली नसतील, फुंकता फुंकता पोरगी थांबली, डोळे तसेच. आई तिथंच रडली, कारण तिनं पहिल्यांदा बघितलं की हे वारं नाही, हे डॉक्टरला बोलावता येतं आणि त्याला नाव आहे. मग डोक्याला वायरी लावून तपासणी, गोळ्या सुरू. डॉक्टर म्हणाले पुष्कळ पोरांचं हे मोठं होता होता जातं.

पोरगी चौथीत गेली तेव्हा "मलप्रभा नदी" पासून धड्याच्या शेवटापर्यंत एका दमात वाचली. मी तिला मधल्या सुट्टीत बोलावून माफी मागितली. कशाची ते तिला कळलं नाही, मला म्हणाली, "बाई, तुम्ही रडालासा काय?"

त्या चिठ्ठीनं माझ्या डोक्यात जे घर केलंय ते अजून गेलेलं नाही. नंतर शाळेतल्या नर्सचा इतिहास वाचला तेव्हा कळलं की हे सगळं सुरूच मुळी अशा चिठ्ठीतून झालं. न्यूयॉर्क शहर, 1902. शाळेत डॉक्टर यायचे, पोरं तपासायचे, नायटा, खरूज, उवा, खुपऱ्या असं काही दिसलं की कार्ड देऊन घरी पाठवायचे. पोरं बाहेरून आलेल्या गरीब कुटुंबांतली, एकेका खोलीत दाटीनं राहणारी. घरी उपचार कोण करणार, पोरं रस्त्यावर खेळायची, शाळा बुडायची, आणि संध्याकाळी त्याच गल्लीत बाकीच्या पोरांना तेच रोग द्यायची. लिलियन वॉल्ड नावाच्या बाईंनी, ज्या गरीब वस्तीत घरोघरी नर्सा पाठवायच्या, शहराला सांगितलं की आमची एक नर्स महिनाभर वापरून बघा. ऑक्टोबर 1902 मध्ये लीना रॉजर्स ही नर्स चार शाळांत फिरायला लागली. जे शाळेतच धुऊन, मलम लावून बरं होण्यासारखं आहे ते तिथंच करायचं आणि पोराला परत वर्गात पाठवायचं, आणि बाकीच्यांच्या घरी संध्याकाळी स्वतः जायचं, आईला दाखवायचं. महिनाभरात शहराला पटलं, आणखी नर्सा नेमल्या. सप्टेंबर 1902 मध्ये तिथल्या शाळांतून 10,567 वेळा पोरांना घरी पाठवलं होतं, पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये तो आकडा 1,101 वर आला.

हे वाचताना मला सारखं जाणवत होतं की डॉक्टर तर 1902 च्या आधीपण होतेच ना. तपासणी होत होती, निदान बरोबर होत होतं, कार्ड छापलेलं होतं. कमी होतं ते कार्ड आणि घर यांच्यामधलं माणूस.

आमच्याकडं त्या माणसाला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे भाषा. 1956 ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि तेव्हापासूनचं सगळं भांडण मी इथं उगाळत बसणार नाही, ते आम्ही जन्मल्यापासून ऐकतोय. मला फक्त आठ वर्षांच्या पोराचं पोट दिसतं. पोराला दुखणं सांगायचं असतं ते आईच्या भाषेत. मळमळतंय, कळ येतेय, गरगरतंय, डोळ्यापुढं अंधारी आली, छातीत धडधडालंय, अंग मोडून आलंय, यातला एकेक शब्द वेगळ्या दुखण्याकडं बोट दाखवतो, आणि समोरच्याला तो शब्द कळला नाही की पोर सगळ्याला एकच उत्तर देतं, "दुखालंय." मी हे बघितलंय, पाच प्रश्नांना एकच उत्तर. आणि उलटंपण बघितलंय, आक्काच्या शाळेत खालच्या तालुक्यातली कन्नड पोरं यायची, रात्री आईची आठवण काढून रडणारी, आणि आक्का, जिला मिरजेहून आल्यावर कन्नड नीट येत नव्हतं, तिनं एका वहीत लिहून पाठ केलं, होट्टे नोवु म्हणजे पोटदुखी, तले सुत्तु म्हणजे गरगरणं. "ऊटा आयता?" हे ती अशा आवाजात विचारायची की पोराला घरी गेल्यासारखं वाटायचं. म्हणून मला घड्याळ बघणारी ती कन्नड नर्स पण माझीच वाटते, तिनं माझ्या पोरीशी मोडक्या मराठीत बोलायचे कष्ट घेतले म्हणून पोरीनं नाव सांगायला तोंड उघडलं.

लोहाच्या गोळ्यांचं घ्या. आठवड्याला एक, लहानांना गुलाबी, दहा वर्षांवरच्यांना निळी. निळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. देशात 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये 59 टक्क्यांच्या वर मुली रक्त कमी असलेल्या आहेत, 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत आलंय हे, म्हणजे बाकावर बसलेल्या दोन मुलींतली एक, आणि वर थोडं. गोळ्या येतात, आम्ही वाटतो, रजिस्टरला सही होते, आणि शाळेच्या मागं पेरूच्या झाडाखाली मला निळ्या गोळ्या सापडतात. मी ओरडायचे. आक्का म्हणाली ओरडून गोळी पोटात जात नाही. आधी सांग की संडास काळी होईल, घाबरायचं नाही. उपाशीपोटी देऊ नको, मळमळतं. चहाबरोबर घेतली की लोह अंगाला लागत नाही, म्हणून दुपारच्या जेवणानंतर, लिंबाची फोड असली तर बरं. एका मुलीला काळी संडास झाली आणि तिच्या आजीनं सगळ्या गल्लीत सांगितलं की शाळेतल्या गोळीनं आतडं जळलं, त्या दिवसापासून गोळ्या पेरूखाली जात होत्या. मला काय माहीत होतं, मी तर मराठीची शिक्षिका.

2017 च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम होती, पहिल्या फेरीत आपलं कर्नाटक आणि गोवाही होतं, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना. व्हॉट्सअ‍ॅपवर काहीबाही फिरत होतं आणि आया पोरांना घरी ठेवत होत्या. आक्काच्या शाळेत पालकांचे फोनावर फोन, तिनं एकेकाशी बोलून घेतलं, आणि ते ऐकले कारण रात्री दीड वाजता त्यांच्या पोराच्या तापात कपाळावर पट्टी ठेवणारी हीच बाई होती. विश्वास असा दीड वाजता जमा झालेला असतो, मोहिमेच्या दिवशी माइकवर बोलून तो येत नाही.

तिच्याकडं एक मुलगा होता, घसा सुजला, मग दोन-तीन आठवड्यांनी गुडघा, गुडघा उतरला तर कोपर. खेळताना पडला असेल म्हणून कुणीही सोडून दिलं असतं. तिला घशाचं आठवत होतं कारण वहीत होतं. घशातल्या जंतूमुळं पुढं सांधे आणि मग हृदयाच्या झडपा खराब होतात, संधिवाताचा ताप. निदान झालं, आणि दर 21 दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. आक्काच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्या तारखांना लाल गोल असायचे, सुट्टीत घरी जाताना त्याच्या वडलांच्या हातात गोल केलेलं दुसरं कॅलेंडर द्यायची.

2020 पासून आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्याचे दूत करायचं ठरलंय. वाढत्या वयातले बदल, आहार, व्यसन, मोबाइल, हे विषय वर्गात घ्यायचे. चांगलं आहे, मी मनापासून करेन. पण स्पष्ट सांगते, शिकवणं वेगळं आणि पापणी ओढून बघणं वेगळं. मला हात धुवायला शिकवता येईल, मला झडपेचा आजार ओळखता येणार नाही, बारा सेकंद तर मला वर्षभर समोर बसून ओळखता आले नाहीत. आणि आशाताईंच्या माथ्यावर आधीच गावातल्या सगळ्या गरोदर बायका आणि तान्ही पोरं आहेत, त्यांच्यावर आणखी किती टाकणार.

प्रत्येक शाळेला एक नर्स मिळणार नाही हे मलाही दिसतं, आमच्या पट्ट्यात काही शाळांत दहा-बारा पोरं आहेत. पण आमच्या शिक्षण खात्यात क्लस्टर असतात, पंधरा-वीस शाळा एकत्र केलेल्या. एका क्लस्टरला एक नर्स, मराठी आणि कन्नड दोन्ही येणारी, ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत येणारी, तिच्या हातात एक वही, आणि वर्षातून एकदा टीम चिठ्ठ्या देऊन गेली की पुढचे अकरा महिने त्या चिठ्ठ्या ज्या घरात आहेत त्या घरी जाणारी. एवढंच मला मागायचंय. वर्षातले एवढे सगळे दिवस पोर माझ्यासमोर बसलेलं असतं, आईबापांच्या नजरेला दिवसा पडत नाही तेवढं आमच्या पडतं, आणि त्यातला एक दिवस सोडून बाकी सगळ्या दिवशी त्याला बघणारं जाणतं माणूस नाही.

त्या सोमवारी संध्याकाळी मी एक दोनशे पानी वही घेतली आणि पट्टीनं रकाने आखले. वार, तास, काय म्हणाला, काल रात्री काय जेवला. पुढचा सोमवार आला, पहिला तास, पोट. भात-आमटी जेवला होता म्हणाला, म्हणजे भूक नव्हती. संडास झालेली. त्याच्या पुढचा सोमवार, पहिला तास, पोट. मधल्या मंगळ-बुध-गुरूला काही नाही, ग्राउंडवर सगळ्यात पुढं पळणारा तो. चौथ्या सोमवारी मी शाळा सुटल्यावर आक्काला फोन लावला आणि वहीतलं वाचून दाखवलं.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रविवारी घरात कोण असतंय?"

मी म्हटलं, बाप असतो, शनिवारी रात्री गोव्याहून येतो आणि सोमवारी पहाटे जातो.

"पोराच्या पाठीवर, दंडावर काय बघितलीस?"

नव्हतं बघितलं.

"बघू नको," म्हणाली. "एकदम शर्ट वर करायला गेलीस तर परत तुझ्याकडं यायचा नाही तो. मी येते सोमवारी. कोण म्हणून विचारलं तर सांग, बाईंची आक्का आलीय, गुडघे दुखालेत म्हणून बसलीय."

सोमवारी पहिल्या बसनं आली. पिशवीतनं भुईमुगाच्या शेंगा काढून व्हरांड्यात सतरंजीवर बसली, चष्मा पुसला. मी हजेरी सुरू केली. पंधराव्या नंबरला तो उठला, टेबलापाशी आला, बटण पिळलं, म्हणाला पोट दुखालंय. मी म्हटलं बाहेर आजी बसल्यात, त्यांना शेंगा सोलायला जरा हात लाव, बरं वाटलं की ये. तो गेला. दार मी उघडंच ठेवलं. फळ्यावर तारीख लिहिली, वार लिहिला, सुविचार लिहायला खडू उचलला आणि वळून बघितलं तर दोघांच्या मधे टरफलांचा ढीग झाला होता, आक्का मान खाली घालून सोलत होती, आणि तो बोलत होता.